नवरा अजून बुडायचाय

वर्सोव्याहून मढला जाणाऱ्या फेरीबोटीच्या रांगेत माझ्यापुढे दोन मैत्रिणी उभ्या होत्या.

"नमिता, तुझी कथा कुठवर आली गं?"

"नायिका बोंबील वाळत घालतेय."

"हे तू फेब्रुवारीतही सांगितलं होतंस!"

"मग काय करू? तिच्या नवऱ्याची बोट वादळात बुडते. पण त्याआधी बोंबील तरी खरे वाटायला हवेत ना यार. म्हणून दर रविवारी मढच्या सखुबाईंकडे जाते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून काठीवर टांगायचे असतात, माहितीये? आता मला मिनिटाला वीस जमतात."

"आणि पानं किती झाली?"

"एक वाक्य झालंय. चार महिन्यांत नवऱ्याला बुडायला वेळच मिळाला नाही."

"वाट लागली! दिवाळी अंकाला मेअखेर कथा द्यायचीय ना?"

"हो ना. संपादकांचा काल फोन आला. मी आपली घाबरत घाबरत उचलला."

"चिडले?"

"छे गं. मागे माफी मागायला गेले, तेव्हा सोबत माझे बोंबील नेले होते. काल फोनवर म्हणाले, कथा पुढच्या वर्षी दिलीत तरी चालेल, बोंबील मात्र याच आठवड्यात पाठवा."