महांतप्पाचा सवाल

आता बोंबलून काय उपेग, सांगा! मेंबर केला कुणी? म्हंजी आपण न्हाय केला, आपल्याला कुठं मत व्हतं, मत व्हतं ते बड्याबड्यांना, पर निवडून आल्यावर हार घेऊन फुडं कोण पळालं? समदं लोहारा गाव! तुम्हाला सांगतो, महांतप्पा म्हंजी कापडदुकानदार, मोजताना चार बोटं जास्तच सोडणारा माणूस, त्यो हैदराबादला निजामाच्या असेंब्लीत चाललाय म्हणल्यावर आपल्याच छात्या फुगल्या. अन् गावानं मागितलं काय? सडक न्हाय, साळा न्हाय... फकस्त बारवेला कठडा!

कारण नारू! बारवेच्या पायऱ्या उतरायच्या, गुडघाभर पाण्यात हुभं ऱ्हाऊन घागर बुडवायची, नारूवाल्याचा पायबी तिथंच, अन् तेच पाणी समद्यांच्या पोटात, की फुडल्या साली आणखी कुणाच्या तरी नडगीतनं दोऱ्यागत किडा बाहीर! डाक्टर सांगून गेलता, पायऱ्या बंद करा, कठडा घाला, रहाटानं पाणी वढा. पर बारव सरकारी, दगूड हलवायचा तर हुकूम पायजे! बांगडीवाल्या हसीनाबीचा पाय असा सुजलेला, की भिंतीला धरधरून आली बिचारी, म्हणली, "महांतप्पाभाई, उनकू इत्ताच बोलो... कठडा होना!"

गेला. परत आला तवा बाजाराच्या दिशी लिंबाखाली बाकड्यावर बसवला, समदे भवती. सांगाय लागला, तिथं पंखे कसे, गालिचे कसे, पयला दिस कुणी कुठं बसायचं ह्यातच कसा गेला...

"अन् कठडा?"

महांतप्पानं घसा खाकरला. घरात कानडी, दुकानात मराठी, अन् तिथं अस्सल उर्दू! पाठ केलेला सवाल एका दमात म्हणला गड्यानं, तर तिथला बडा सायब चष्म्यावरनं बघत, पान चघळत कसा बोलला, "मेंबरसाहब का सवाल... जेर-ए-गौर है!" म्हंजी? म्हंजी इचार चालू हाय! टाळ्या वाजवल्या की आपण! जेर-ए-गौर! केवढा भारदस्त सबूद, कठडा झाल्यागतच वाटलं!

फुडल्या खेपेला बी जेर-ए-गौर. टाळ्या कमी. त्याच्या फुडल्या खेपेला जेर-ए-गौर म्हणल्यावर हसीनाबीनं एवढंच इचारलं, "भाई, जेर-ए-गौर कू कित्ते दिन लगते?" महांतप्पा घरी गेला, ताटावरनं तसाच उठला, बायकूला, गिरिजाबाईला म्हणला, "तिच्या पायाकडं बघवंना गं मला."

अन् दुसऱ्या दिशी दुकान बंद! धोतर खोचून मेंबर दगडं वाहतोय! त्याला बघून आपण बी लागलो हाताखाली, व्हय का न्हाय? दुपारपतोर पायऱ्यांवर कमरंएवढी भित हुभी! तेवढ्यात घोड्यावरनं अंमलदार हजर. "किसके हुकुम से?"

"मी मेंबर हाय!"

"फिर तो आपको मालूम होना चाहिए... हुकुम जेर-ए-गौर है!"

अन् तुम्हाला सांगतो, ज्या हातांनी भित रचली त्याच हातांनी उतरवायला लावली की हो! महांतप्पा बाजूला हुभा, त्याला अंमलदार म्हणला, तुम्ही नका हात लावू, तुम्ही इज्जतदार! मग त्यानं बी दगूड उचलला. म्हणला, "आता जातो त्यो जवाब घेऊनच येतो. तवर खाली बसत न्हाय सभेत."

बोलल्यापरमाणं तयारी केली, शेरवानी घडी करून टरंकात, हैदराबादला जाणाऱ्या आयुबच्या लारीत फुडली जागा... अन् पाय लारीत टाकायच्या दिशीच घोट्यावरचा फोड फुटला. नारू! त्याला काय मेंबर कळतोय? तापानं फणफणला. लारी तशीच गेली. गिरिजाबाई रोज त्यो किडा काडीवर जरा जरा गुंडाळायची, जपून, तुटला तर पायच सडायचा.

हैदराबादवरनं आयुब आला त्यो थेट खाटंपाशी. "मेंबरसाब, असेंब्लीच्या चपराशानं सांगितलं, तुमचा सवाल पुकारला."

महांतप्पा अर्धा उठून बसला. "मग?"

आयुबनं टोपी काढली. "इचारणारे मेंबर गैरहाजर... म्हणून सवाल खारीज."

 महांतप्पानं पाणी मागितलं. गिरिजाबाईनं तांब्या दिला, त्यानं आत वाकून बघितलं.

"कुठलं गं?"

"दुसरं कुठलं असणार?"

प्याला की हो... काय करील? तान लागलेली माणसाला!