खाली ये

— नाही, नाही, बोलू नका, सुई आतच आहे अजून. डोळे मिटलेत तरी पुरे. झालं... हं, झालं. आता थोडा वेळ हा गाल तुमचा नाही. आणि चावून बघू नका खरंच बधिर झालाय का — सगळे चावून बघतात, मग रक्त आलं की माझ्याकडे बघतात. फोन बंद केलात ना? बाहेर पाटी आहे. एरवी आमच्या काउंटरवरच्या बाई बजावतात प्रत्येकाला, आज त्या रजेवर, त्यामुळे सगळा कारभार माझ्याच गळ्यात. वरच्या मजल्यावर आमचे बाबा असतात, जिन्याचं दार मी उघडंच ठेवतो, त्यांनी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून — आणि फोनचा आवाज त्यांना चालत नाही. केलात? मान हलवलीत म्हणजे केलात. बरं. खुर्ची मागे घेतो.

आणि हा शर्ट. आल्यापासून बघतोय. म्हटलं बघायचं नाही, तरी नजर जातेच. ‘खाली ये.’ काळ्यावर लाल, रक्त ओघळल्यासारखी अक्षरं. मॉलमधून घेतलात? वाटलंच. नवाकोरा शर्ट, पण दहा वर्षं धुतल्यासारखा विटवून विकतात म्हणे, आणि लोक घेतात, जास्त पैसे देऊन घेतात. किळस येते मला. ती अक्षरं कशी आली माहितीये? आमच्या ड्रमवाल्याच्या बहिणीने नेलपॉलिशने त्याच्या एका बनियनवर काढली होती, आणि वाळायच्या आधीच ते गाढव बनियन घालून बसलं. म्हणून ओघळली. ते काही डिझाइन नव्हतं हो, वेंधळेपणा होता! आता कारखान्यात मशीनवर तो वेंधळेपणा छापतात, आणि तुमच्यासारखी चाळिशीतली, पोट सुटलेली माणसं तो पोटावर ताणून घालतात.

डोळे मोठे करू नका, दिवा लागेल. हो. ज्यांचं हे गाणं, त्याच बँडमध्ये होतो मी. गिटार, सात तारांची. निसटलं तोंडातून, आता काय करणार. हात मिळवू नका, ग्लोव्ह्ज घातलेत.

त्या संगीताला म्हणायचे न्यू-मेटल! काय पण नाव. ढगळ पॅन्ट्स — दोन माणसं मावतील अशा. पाकिटाला साखळी, जसं काही त्या पाकिटात कोणी चोरावं असं काही होतं. एक जण कोपऱ्यात तबकड्या घासत उभा, आम्ही त्याला खवणी म्हणायचो. आणि गाण्यात काय? बाप वाईट. घर वाईट. मला कोणी समजून घेत नाही. सगळ्या गाण्यांत तेच. चांगल्या घरातली, दूध पिऊन वाढलेली पोरं दात-ओठ खाऊन ओरडायची आणि मग आईने डबा दिलाय का बघायची. मग एके वर्षी एकदम सगळं थंड. काल ज्यांनी केसांचे दोर वळले होते ते आज भांग पाडून मुलाखतीला. जणू सगळ्यांचे बाप एका रात्रीत सुधारले! सगळ्यांना लाज वाटायला लागली, कॅसेटी पलंगाखाली गेल्या, कोणी विचारलं तर ‘छे, मी नाही ऐकायचो.’ आणि आता वीस-बावीस वर्षांनी परत उमाळा आलाय. ‘अहाहा, ते दिवस!’ कसले दिवस? कोणाचे दिवस? आ करा. मोठं. खालची दाढ पार झिजलीय तुमची. झोपेत दात खाता तुम्ही. कोणावर एवढा राग आहे? कोणावर नाही? मग नुसतेच खाता. तेच म्हणतोय मी.

फोनवर काय म्हणालात तुम्ही मला — शनिवारी ‘त्या’ बँडचा शो आहे, इतक्या वर्षांनी, दाढ ठणकली तर ओरडता यायचं नाही, म्हणून आजच बघा. म्हटलं पेशंट आहे, बोलावलं. पण शनिवारी तुम्ही सगळे तिथे काय करणार ते मला माहितीये. मध्येच गाणं थांबणार, माझी सगळ्यांत जाड तार — इतकी सैल उतरवलेली की तिचा सूर नाही, घरघर असते नुसती — ती एकटी वाजत राहणार, मग आमचा गाणारा, भोंगा, ओरडणार ‘खाली ये!’ आणि तुम्ही सगळे गुडघे धरून खाली बसणार, मग एकदम उड्या मारणार. बरोबर? का बसता पण? ‘खाली ये’ म्हणजे खाली बस नव्हे! पहिल्या कार्यक्रमाला पुढच्या पोरांना त्या कल्लोळात ‘ये’ ऐकूच आलं नाही. त्यांना वाटलं बसायला सांगतोय. बसली. पुढचे बसले म्हणून मागचे बसले. ऐकण्यातली चूक, तिचीच पुढे रीत झाली.

आणि भोंगा — आवाजावरून पडलेलं नाव, अक्कल तेवढी नव्हती — भोंगाही चुकीचंच म्हणतो ते. ते ओरडून म्हणायचं वाक्यच नाही. ते हळू म्हणायचं असतं. ओरडणाऱ्या माणसाची एवढी भीती वाटत नाही. आमच्यातल्या एका मुलाच्या घरातलं होतं ते. मुलगा माळ्यावर जाऊन लपायचा, ट्रंकांच्या मागे, आणि बाप कामावरून आला की माळ्याखाली उभा राहून हळू, अगदी समजुतीच्या आवाजात म्हणायचा, खाली ये. बस. एवढंच. शिडी हलवायचा नाही, काही नाही. वाट बघायचा. खाली गेल्यावर काय व्हायचं ते सोडा. हलू नका, मशीन चालू करतोय. पाणी उडेल जरा.

तर हे त्या मुलाने भोंग्याला एकदा सांगितलं, आणि भोंग्याने ते सरळ घशात घातलं. गाणं केलं. मुलाखती दिल्या — ‘माझं बालपण’, ‘माझा बाप’, डोळ्यांत पाणी! अहो, भोंग्याचे वडील म्हणजे देवमाणूस. लाँड्री होती त्यांची. त्यांच्याच व्हॅनमधून आम्ही हिंडायचो, घडी केलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये आमचे अ‍ॅम्प. काका स्वतः उचलू लागायचे, मग कानात कापसाचे बोळे घालून बाहेर व्हॅनमध्ये बसायचे, आणि आम्ही घामाघूम बाहेर आलो की पहिला प्रश्न, ‘जेवलात का रे?’ त्या माणसाला लोक राक्षस म्हणायला लागले. कपडे टाकायला आलेल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या — हाच तो. आणि काका काउंटरवर उभे राहून पावती फाडतायत. मी एकदा म्हटलं, काका, मी सांगतो सगळ्यांना. तर म्हणाले, ‘राहू दे माझ्या नावावर. तुला अजून त्याच घरात झोपायचंय.’

...

थुंका. बाजूला, हं, तिथे.

तसे बघू नका माझ्याकडे. दया-बिया नकोय मला, मी तुमचा डेंटिस्ट आहे. हो, मीच तो मुलगा, आता ऐकलंतच तर ऐकलंत. काका वारले, तेव्हा पेपरात भोंग्याचा फोटो आला, खाली लिहिलेलं, ‘बापाला माफ केलं.’ माफ केलं! मी तो पेपर फाडला, तुकडे तुकडे केले, आणि बेसिनमध्ये टाकून वर पाणी सोडलं. खोटं नाही सांगत. गेल्या आठवड्यात फोन आला त्याचा. ‘ये ना यार, एका गाण्यापुरता. लोकांना ओरिजिनल माणसं हवी असतात.’ ओरिजिनल! म्हटलं, नाही. तोंडावर फोन ठेवला. मग गिटार काढली — कुठे काय, तारा गंजल्या होत्या म्हणून बदलल्या, एवढंच. पडून पडून मान वाकते गिटारची. एक्स-रेच्या खोलीत उभी आहे, शिशाच्या एप्रनमागे. एकदोनदा वाजवली. हळू. अ‍ॅम्प न लावता. 

आता विचाराल, एवढी किळस येते तर मग वाजवायचात कशाला? तोंडात कापूस आहे म्हणून विचारता येत नाहीये, पण डोळ्यांत दिसतंय. सांगतो. एका शोला असेच सगळे खाली बसले, सगळा हॉल, आणि मागे दाराजवळ एकच माणूस उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, हातात ऑफिसची बॅग. बाबा. कोणी सांगितलं त्यांना, कसे आले, आजतागायत माहीत नाही. सगळ्यांची डोकी खाली, आणि ते एकटे उभे, आणि भोंगा त्यांचं वाक्य त्यांच्याच तोंडावर ओरडतोय. मी तार वाजवत होतो. थांबता येत नाही ना मध्ये. त्यांनी आजूबाजूला बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मग बॅग खाली ठेवली आणि बसले. त्या सिगारेटच्या थोटकांत, सांडलेल्या बिअरमध्ये, इस्त्रीच्या पॅन्टसकट. पुढच्या क्षणाला सगळे उडाले आणि मला दिसेनासे झाले ते.

त्यानंतर घरात ते शब्द नाहीत. एकदा रात्रीच्या जेवणाला मी माळ्यावरच होतो, एकोणीस वर्षांचा घोडा, तरी तिथेच झोपायचो. ते माळ्याखाली येऊन उभे राहिले. म्हणाले, ‘खा—’ आणि थांबले.  मग म्हणाले, ‘खाऊन घे.’ बस. ना माफी, ना काही. खाऊन घे. मी उतरलो आणि जेवलो. माझ्या आयुष्यात त्या गाण्याने एवढंच केलं, आणि तेवढं कशानेच झालं नव्हतं. आणि तुम्ही त्यावर उड्या मारणार, शनिवारी, बायकोला घेऊन, सेल्फी काढत. शी.

आता बाबांना काही आठवत नाही. मलाच ‘डॉक्टर’ म्हणतात, अहो-जाहो करतात. आणि इतके आज्ञाधारक झालेत — कोणीही काही सांगो, ऐकतात. टीव्हीवरची व्यायामवाली बाई म्हणाली हात वर, की हात वर. मग ती जाते, साबणाची जाहिरात लागते, यांचे हात वरच. मी जाऊन खाली करतो. गेल्या वर्षी जिन्यावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, त्यात खिळे घातलेत. हाडांचे डॉक्टर म्हणाले, आता पडले तर संपलं. म्हणून रोज सकाळी चहा देताना एकच वाक्य सांगतो, बाबा, जिना उतरायचा नाही. ‘बरं डॉक्टर,’ म्हणतात. विचित्र वाटतं हो. ज्यांच्यावर चिडायचं ते गेलेच कुठेतरी, आणि जे उरलेत त्यांना मी भरवतो. चांगले आहेत ते. मला आवडतात.

चला. पुरे झालं, तुम्ही काय कीर्तन ऐकायला आला नव्हतात. आ करा. आता सिमेंट भरतो, तेवढं तोंड मिटू नका, अजिबात —

काय वाजतंय?

खिशात. तुमच्या खिशात वाजतंय. बंद करा. मान हलवलीत ना तुम्ही मघाशी! ती तार — अहो, माझी तार आहे ती, रिंगटोन करून ठेवलीत? द्या इकडे, कुठलं बटण, कुठलं — ओरडलाच बघा तो ते वाक्य, बंद करा म्हणतो ना त्या भोंग्याला!

गप्प. एक मिनिट. हलू नका.

वर खुर्ची सरकली. ऐकलंत? काय म्हणाले? ‘आलो’ म्हणाले. ‘आलो’ म्हणाले ते.

बाबा! बाबा, नाही, मी नाही बोलावलं, फोन होता तो! — उठा हो तुम्ही, वाटेतून सरका, ते थुंकीचं नळकांडं काढा तोंडातून आणि निघा, पैसे नकोत, निघा! — बाबा, काठी नका टेकू तिथे, पायरी आहे ती! बसा. आहात तिथेच बसा, जमिनीवर, बसा — मी येतोय वर. मी येतोय ना. खाली नका येऊ, बाबा, खाली नका —