नलूचा खर्च शून्य नव्हता

मंडळी, तुम्ही सगळे आलात. या हॉलमध्ये एवढ्या खुर्च्या आपण हळदीकुंकवालाच मांडतो, आणि मांडायला सगळ्यांत पुढे नलू असायची. तिच्या फोटोसमोर उभं राहून बोलणं मला जमेलसं वाटत नाही. तरी बोलते.

नलिनी माझी शेजारीण. भाऊजी गेले आणि ती कुंच्या शिवायला लागली. बाळांच्या, जरीकाठाच्या कुंच्या. सुनेने, आपल्या प्राचीने, तिला ऑनलाइन दुकान उघडून दिलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, म्हणून गिऱ्हाइकांच्या इंग्रजी प्रश्नांना उत्तरं मी द्यायची. ती मशीनवर, मी फोनवर. किती गोड दुपारी होत्या त्या!

मग आयकराचं आलं. पेन्शन आणि विक्री मिळून विवरणपत्र भरणं भाग होतं. आम्ही सीवूड्सला एका करसल्लागार मॅडमकडे गेलो. त्यांनी विचारलं, "खर्च किती?"

नलू म्हणाली, "खर्च काही नाही. घरातलंच आहे सगळं."

घरातलंच! कापड किराण्याच्या पैशातून, कुरिअर पेन्शनमधून. आपण बायका अशाच ना? स्वतःच्या कामाला लागलेला पैसा आपण घरखर्चात लपवतो.

मॅडम म्हणाल्या, "काकू, सरकारला तुमची पूर्ण विक्री दिसते. खर्च दाखवला नाहीत, तर सगळा नफाच धरला जाईल. कर नफ्यावर असतो. कापड, दोरा, खोकी, कुरिअर, वेबसाइटचं कमिशन, मशीनपुरती वीज, सगळं वजा होतं. फक्त बिलं ठेवा."

"मशीनवर बसलं की चहा लागतो. तो?"

"तो तुमचा तुम्ही प्या, काकू."

रिक्षात हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

घरी अमित म्हणाला, "आई, कशाला हे टेन्शन? टाइमपासच आहे ना? बंद कर." काळजीनेच म्हणाला तो. पण नलूने मशीन झाकून ठेवलं. एक दिवस मला म्हणाली, "बंद करून मी करू काय गं? भिंतीकडे बघत बसू?"

आणि तिने धंद्याचं वेगळं बँक खातं उघडलं.

तुर्भ्याला खोकी घ्यायला गेलो, तर तिने पक्कं बिल मागितलं. दुकानदार म्हणाला, "मावशी, एवढ्याशा खोक्यांचं?"

"मग! धंदा आहे माझा."

धंदा. हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. पण नातीच्या कुंचीचं कापड तिने स्वतःच्या पर्समधून आणलं. म्हणाली, "ही आजीची. ही त्या खर्चात नाही धरायची."

खर्च वजा जाऊन थोडा नफा उरला, त्यावर थोडासा कर बसला. तो भरून ती माझ्या दारात आली. "मी कर भरला गं! माझ्या कमाईवर!" कर भरून इतकं आनंदलेलं माणूस तुम्ही पाहिलंय कधी?

अमित, काल तू मला म्हणालास, "काकू, दुकान बंद करतो." कर बाळा. ते चालवणारी गेली. पण या वर्षाचं तिचं विवरणपत्र आता वारस म्हणून तुलाच भरायचंय. उरकून टाकू नकोस. घाईत खर्चाच्या जागी शून्य लिहू नकोस. तिचे दुखणारे डोळे, अवघडलेली पाठ कुठल्या रकान्यात बसत नाहीत. जे बसतं, ते तरी सगळं लिही. दोऱ्याच्या रिळापर्यंत. आणि व्यवसाय विचारतील तिथे तिचा व्यवसाय लिही, राजा. तिचा धंदा होता.

बास. यापुढे मला नाही बोलवत.

रोज दुपारी माझ्या भिंतीपलीकडून मशीनचा आवाज यायचा. आता येत नाही. मंडळी, सगळे उभे राहूया, आणि ती शांतता थोडा वेळ माझ्याबरोबर ऐकूया.

नलू, विसाव गं आता.