माझं लग्न आणि चिनूचा अभ्यासक्रम

घरात एक वकील असावा म्हणता ना? असावा, पण तयार झालेला आणावा; घरात तयार व्हायला ठेवू नये. माझी धाकटी बहीण चिनू लॉ करते आणि कॉलेजात जे शिकते त्याचा सराव आमच्यावर करते. पहिल्या वर्षी करार होते, तेव्हा आईने "चहा टाकू का?" विचारलं की ही म्हणायची, "हा प्रस्ताव समजू का?" पुढे नुकसानभरपाई आली, तर कुंडीचं पाणी आमच्या कपड्यांवर सांडलं म्हणून वरच्या मजल्यावरच्या कानडी अक्कांना नोटीस. त्या बिचाऱ्या "स्वल्प पाणी होतं गं" म्हणत राहिल्या.

यंदा कौटुंबिक कायदा आहे. आणि नेमकी यंदाच, मला पसंत पडलेली मुलगी आईवडिलांना घेऊन इथल्याच, बंगळुरातल्या मारतहळ्ळीहून आमचं घर बघायला आली.

पोहे देता देता चिनू तिला म्हणाली, "वहिनी, घटस्फोट कशाकशावरून मिळतो ते आत्ताच ऐकून ठेवा. दादाच्या बाबतीत क्रूरता सहज सिद्ध होईल. तो आंघोळ करताना गातो. मी साक्ष देईन."

आईचा चमचा हवेतच राहिला. मुलगी खाली मान घालून हसतेय की रडतेय, कळेना. मी म्हटलं, संपलं!

तिच्या वडिलांनी बशी खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "बाळ, पुढच्या वर्षी काय शिकवणार?"

"फौजदारी, काका! खून, दरोडा, अपहरण, सगळं."

काका बाबांकडे वळले. "लग्न यंदाच उरकून घेऊ."