कायल उतरायची खूण

—न्हाई न्हाई सायेब, ती काचंची नळी जरा बाजूला ठेवा, कायल, ही रसाची मोठी कढई, अजून तापायची हाय. काय म्हणालासा? पान? पान सोडलं मी. — असं व्हय, वहीवर पेन्सिल टेकलीया म्हंजे नाव इचारताय. लिवा, जोतीराम गुळव्या, मुक्काम मलकापूर. शेती खात्यानं तुमाला एवढ्या लांबनं धाडलं, रस कितीवर उकळतो, कवा घट्ट व्हतो ते मोजाय — आन् आमी मोजतो कशानं? कानानं. हसू नका. उसाचा रस म्हंजे रुपयात बारा आणे पाणीच. ते वाफ हून गेलं की खाली ऱ्हाती काकवी, ती आणखी थोडी आटवून वाफ्यात, त्या गार करायच्या हौदात, वतली, निवली, की गूळ. पर थोडी म्हंजे किती? तिथंच तर गुळव्याचा मान. चार थेंब गार पाण्यात सोडायचं, बोटानं गोळी वळायची, कायलीच्या काठावर मारायची. थप्प वाजली तर जाळ चालू द्या. टण् वाजली तर मी म्हणणार 'उतरा', मग गडी कायल उचलणार. माज्या शब्दाबिगर कायल हालत न्हाई — असला मोठा माणूस मी.

किती वरसं करतोय म्हणता? लढाईच्या आदी चार, आन् इटलीतनं आल्यावर हे दुसरं. तोफखान्यात होतो. तिथं थंडीत पाणी गोठून बाटलीच फुटली, तवा मी म्हणालो, बगा, पाण्याचा गूळ झाला. सगळी हसली — म्हंजे तोंडं उघडल्याली दिसली, आयकाय कुठलं येतंय, तोफंनं दोनी कान तवाच... आता हे कशाला बोललो मी? लिवू नका तेवढं.

बरं, निघालंच तोंडातनं तर ऐका. ती चुलवाणात चिपाडं सारती न्हवं, ती आमची कारभारीण. टण् वाजलं की ती पदरानं कपाळ पुसती, आन् मी म्हणतो 'उतरा'. लोक माना डोलवत्यात, मी मिशीवरनं हात फिरवतो. गेल्या म्हैन्यात तिला खराच घाम आला — जाळापाशी बसल्यावर येणार न्हाई व्हय? — तिनं पुसला, मी 'उतरा' म्हणालो. कायल लालासाहेबांची, ऊसबी त्येंचाच. ढेपा आष्ट्याच्या बाजाराला निघाल्या त्या गाडीतनंच गळाय लागल्या, बैलांच्या शेपट्या चिकटल्या. लालासाहेब आलं तर मी त्येंस्नीच म्हणालो, तुमचा ऊसच कोवळा. आन् त्येंनी मान खाली घातली, गुळव्या बोलतोय म्हटल्यावर. लय लाज वाटली, सायेब. पर मिशीवरनं हात फिरवलाच मी.

आता औंधाला लेक हाय, शालू. दुसरं बाळंतपण, घरात सासू न्हाई, बगणारं कोण न्हाई. पयल्या खेपंला मरता मरता वाचली. आन् ही जात न्हाई म्हणती — हातवारं करून सांगती, तुमच्या कानाला कोण? मला लय भ्या वाटतंय. माज्या मिशीपायी लेकीला काय झालं तर? म्हणून इचारतो, ती नळी... त्यातला पारा चढतो ते डोळ्यानं दिसतंय न्हवं? आकडं येत्यात मला, तोफखान्यात तेवढं शिकलो. म्हैनाभर ठेवून जावा की. कितीवर उतरवायची ते बोटं करून दावा. दोन. चार. पाच. दोनशे पंचेचाळीस. झालं की मग.

आता ओठावर बोट कशाला ठिवताय? मोठ्यानं बोलतोय व्हय मी? — मगापास्नं? — तरीच सगळं गडी हातातलं टाकून हिकडं बगत्यात. आन् त्या मागं लालासाहेब न्हवं का? आजबी कायल त्येंचीच हाय.

थांबा. ती पदरानं डोळं पुसाय लागली. कायल तर आत्ताच चढवलीया, रसाला अजून फेसबी आला न्हाई. म्हंजे ही उतरायची खूण न्हवं.

जावा सायेब तुमी. नळी हितंच ठेवा.