पुण्याची देवी

हसू नका, पण पुण्यात शिकून धावड्याला परतले तेव्हा मला वाटलं होतं, मुलींची शाळा काढली की गाव अंगावर धावून येईल. प्रत्यक्षात कुणी ब्र काढला नाही. तीनच पोरी आल्या, एवढंच. भांडायची तयारी करून आले होते, आणि भांडायलाही कुणी नव्हतं.

एका सकाळी घराच्या ओसरीवर शिकवताना छाती धडधडायला लागली. पुण्यातही मला असं व्हायचं. श्वास पुरेना, हात थरथरले, आता मरतेच असं वाटून मी खाली बसले. पोरीला सोडायला आलेल्या पाटलीणबाई ओरडल्या, "अगं, बाईंच्या अंगात आलं! हळद-कुंकू आणा, जल्दी!"

बाया धावत आल्या. माझं कपाळ कुंकवानं माखलं.

"कोण हायेस माय? कुठून आलीस?"

"पु... पुण्याहून," मी कशीबशी म्हणाले.

"पुण्याची देवी हाय!" सगळ्या पाया पडल्या. एकीनं विचारलंही, "माय, आमची हरपलेली म्हैस कुठं हाय?"

कुणीतरी धरावा म्हणून मी हात पुढे केला, तर सगळ्या मागे सरकल्या. देवीला कोण हात लावणार?

सावरल्यावर पाटलीणबाई खुशीत म्हणाल्या, "बघा आता, उद्या समद्या पोरी येतील. देवीच्या शाळेला कोण न्हाई म्हणंल?"

दुसऱ्या सकाळी खरंच ओसरी भरली. त्या भरल्या ओसरीकडे बघत मी ठरवलं, सांगून टाकायचं: ही देवी नाही, मला भीती वाटते. पोरी परत गेल्या तरी चालेल, पण हात धरणारी एक तरी बाई मला या गावात हवी होती.