गौर वर सरकत गेली

बायांनो, भावांनो, आज आपला बैठका, हे सभेचं घर, भरलाय. आक्का असती तर म्हणाली असती, "जिवंत होते तेव्हा कुठं होता रे सगळे?" मला भाषण येत नाही. शाळा मी दोन वर्गांपलीकडं पाहिली नाही. तरी बोलते, कारण ती माझी मोठी जाऊ. तीस वर्षं एका चुलीवर रांधलं.

तानूआक्का दर गौरीला डोंगरावर जायची, हे आपल्या सेंपिएर गावात कुणाला सांगायला नको. आपल्या आज्या कोकणातून जहाजानं या बेटावर आल्या तेव्हा गौरीला त्यांना तेरडा हवा होता. इथं मिळेना. मग त्यांनी डोंगरावरचा एक नेचा घेतला, ओल्या दगडावरच्या शेवाळात वाढतो तो. त्यालाच आपण गौर म्हणतो.

पहिल्यांदा मला घेऊन गेली तेव्हा मी नवी नवरी. खाली नुसता ऊस. मग लाल पेरूची झाडी, तिथं पोरं पेरू खात बसायची. त्याच्यावर रान. तिथं एका झाडासारखं दुसरं नाही. मी दमून म्हटलं, "आक्का, अजून किती?" ती म्हणाली, "गप चाल. वर झाडं बुटकी होतात, वाऱ्याला भिऊन. ती दिसली की गौर आली समज." आणि होती तिथं गौर. दोन हातांनी उचलावी एवढी.

मग काय झालं? पेरू वर चढला. मोठ्या सिक्लोनात, त्या वादळात, रानातली झाडं पडली, आणि पडलं तिथं पेरूच उगवला. एवढी जातीजातीची झाडं, त्यांच्या जागी एकच. गौर गेली वर. पुढच्या साली आणखी वर. आक्काचे गुडघे मात्र खाली ओढायचे.

तेव्हा आपल्यातल्याच काही शहाण्या बाया म्हणाल्या, "नेचा मुळासकट आणा, नळाजवळ लावा. कशाला चढायचं?" आणला. सावली केली, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. गणपती बसायच्या आधीच काळा पडला. आक्का तिथं उभी राहून म्हणाली, "अगो, वरची थंडी काय बादलीनं आणता येते?"

त्यानंतर ती जास्त घ्यायची नाही. एक पान. दोऱ्यानं बांधायची, पदरात धरून उतरायची. आम्ही म्हणायचो, एवढीशी गौर? लोक हसतील. हसले पण.

गेल्या साली ती पेरूच्या झाडीपर्यंत आली आणि बसली. आम्ही पुढं गेलो. नेचा दिसला तो थेट टोकाच्या खडकाखाली, थोडासा. खाली येऊन सांगितलं, तर तिनं विचारलं, "त्याच्यावर काय आहे?"

"काही नाही आक्का. दगड. मग आभाळ."

तिनं मान वर करून टोकाकडं पाहिलं. मग म्हणाली, "आता त्याला सरकायला जागा नाही गो. आणू नका खाली. हळदकुंकू घेऊन आपणच वर जाऊ."

आम्ही काय केलं? हसलो. माझी सून आक्काला मातांत, म्हणजे काकी, म्हणायची. ती म्हणाली, "आयो मातांत, देव डोंगरावर, मग आमच्या घरात काय?" आणि रोझ हिलच्या दुकानातून प्लास्टिकची गौर आली. आक्कानं तिलाही कुंकू लावलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता तिच्या फोटोला हार घालायला धावाल. घाला. पण प्लास्टिकचा नको.

या गौरीला मी वर जाणार. टोपलीत हळद, कुंकू, नारळ. रिकामी टोपली घेऊन उतरणार. गुडघे माझेही दुखतात, ते मला सांगू नका. ज्यांना यायचं त्यांनी पहाटे देवळाजवळ यावं. हाक मारायला मी फिरणार नाही.

चला, उठा सगळे. पोरांनो, तुम्हीपण. जरा गप राहू या.

आक्का, तू बस आता. आम्ही वर जाऊन येतो.